गेटाकडचा वाटा

परवा नातीनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. इंग्लंडातला जुना कालवा म्हणे. त्या कालव्यातून पूर्वी माल भरलेल्या नावा चालायच्या, आणि चढाच्या जागी पाण्याला पायऱ्या केलेल्या होत्या. पाण्याला पायऱ्या म्हटल्यावर मला हसू आलं. पण तिनं नीट समजावून सांगितलं. मधी दगडी हौद, दोन्ही अंगाला जाड लाकडी दारं. नाव हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, हौद भरला की नाव आपोआप वर येते, मग पुढचं दार उघडून पुढं निघायचं. नंतर रेल्वे आली, मोटारी आल्या, नावा बंद पडल्या. दारं राहिली तशीच. दगडाला शेवाळ चढलेलं, हौदात पाणी निवांत पडलेलं, आणि दाराच्या आडव्या लाकडावर एक बाई पाय सोडून बसलेली.

नात म्हणाली, "आज्जी, बघ ना किती पाणी! कुणी वापरत पण नाही."

आमच्या दुष्काळी मुलखातली पोर, तिला पाणीच दिसणार. मला मात्र ती बाई दिसली. हातात काही काम नाही. शेजारी टोपली नाही, लेकरू नाही. आता कुणी हाक मारील आणि उठावं लागेल, असं तोंडावर काहीसुद्धा नाही. खरं सांगते, आता या वयात गोड बोलून कुणाला फसवायचंय, माझ्या पोटात जळलं. त्या गोऱ्या बाईला पाहून जळलं, आणि लगोलग माझ्या धाकट्या जावेच्या नावानं जळलं. कारण असंच एक बंद पडलेलं दार आमच्या शिवारात आहे, आणि ते धाकटीच्या वाट्याला गेलंय.

आमच्या दाराला कुणी दार म्हणत नाही, गेट म्हणतात. नावा चालवायला ते केलेलं नव्हतं, आमच्याकडं नाव फक्त भजनात आणि लेकरांच्या कागदात. कॅनल आला तो पिकाला पाणी द्यायला. मी नवी नवरी होते तेव्हा. मोठ्या कॅनलला फाटा फोडला, त्याला चारी म्हणायची. ती चारी आमच्या रानात शिरते तिथं गेट बसवलं. घडीव दगडाच्या दोन भिंती, मधी वरखाली होणारा लोखंडी पत्रा, माथ्यावर फिरवायचं चाक, आणि चाकाशी उभं राहायला सिमेंटचा ओटा. ओटा असा ऐसपैस की चार बायांनी अंग टाकावं. ठेकेदाराकडं सिमेंट उरलं होतं म्हणून मोठा केला, असं म्हणत. सरकारी कामात सिमेंट उरल्याचं मी तेवढंच ऐकलं.

पहिलं पाणी सुटलं त्या दिवशी सारा गाव रानात आला. पाण्याची ओटी भरायची होती. सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या म्हणाल्या, "थोरली सून भरंल. रान आपलं, मान आपला." हिरवा खण, नारळ, हळदकुंकू घेऊन मी ओट्यावर चढले. पाटकऱ्यानं, म्हणजे कॅनलवरच्या सरकारी माणसानं, चाकाला हात घातला. पत्रा असा किरकिरला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. मग पाणी आलं. पुढं पालापाचोळा, फेस, मागं तांबूस पाणी. मी खण सोडला तो पाण्यानं हातातून ओढूनच घेतला.

आता तुम्हीच सांगा. धाकटीचं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. ती सिरसाळ्याला आईबापाच्या अंगणात फुगडी खेळत असेल. मग त्या गेटावर पहिला हक्क कुणाचा?

पुढं काही वर्षं बरी गेली. रानात ऊस उभा राहिला, घरातले पुरुष सहकारी कारखान्याचे सभासद झाले, दिवाळीला सभासदाची साखर घरात यायला लागली. पाणी वाटून घ्यायला गावानं सोसायटी काढली. चेअरमन झाले, मेंबर झाले, गेटाजवळ पत्र्याची पाटी लागली. बैठका ओट्यावर व्हायच्या आणि चहा आमच्या घरातून जायचा. मग पाऊस एकेक वर्ष दांडी मारायला लागला. धरणात पाणी नाही, तर कॅनलला कुठून यायचं? आधी पाण्याच्या पाळ्या कमी झाल्या, मग टेलापर्यंत, म्हणजे चारीच्या शेवटापर्यंत, पाणी पोचेना, मग गेटापर्यंतच येईना. बैठका मात्र चालूच. जनावरं चारा छावणीला गेली तेव्हा बैठकीचा चहासुद्धा काळा झाला. शेवटी पाटकऱ्याची बदली झाली, त्याच्या जागी दुसरा आला नाही, आणि चाक गंजून आहे तिथं बसलं. पत्रा अर्धा वर, अर्धा खाली. कुणी जांभई देता देता झोपून जावं तसं.

मामंजी गेले, आत्याबाई गेल्या, आणि वर्षभरात भावाभावांची वाटणी निघाली. भांडण नव्हतं. घरात माणसं मावत नव्हती एवढंच.

आमच्याकडं वाटणीचा एक कायदा आहे. वकिलाचा नाही, बापजाद्याचा. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करीत नाही, कारण वाईट वाटा आपल्याच गळ्यात पडायची भीती. आमच्या मालकांनी दोन वाटे पाडले. एक विहिरीकडचा, एक गेटाकडचा. विहिरीकडं रान कमी, पण विहीर घराच्या उतरणीला आणि तिला पाझर चांगला. दुष्काळातसुद्धा दोन घागरी तरी निघायच्या. शिवाय वसरीत, म्हणजे ओसरीवर, बसलं की विहीर अशी डोळ्यांसमोर. कोण आलं, कोण गेलं, घरबसल्या कळायचं. गेटाकडं रान जास्त दिलं होतं, पण त्यात कॅनलनं खाल्लेली जमीन, मुरमाड चढ आणि ते मेलेलं गेट. मधी बाभळींची रांग. तिकडं दिवसा होला घुमला तरी भेसूर वाटायचं.

मालकांनी वाटे पाडायच्या आधी मला विचारलं होतं, "तुला काय पायजे?" मी म्हटलं, विहीर. दुष्काळात बाई दुसरं काय मागणार? पण मागून उपयोग नव्हता, उचलायचा मान धाकट्याचा. आणि हाती विहीर येत असताना गेट उचलील असा वेडा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. आदल्या दिवशी दुपारी मी विहिरीवर जाऊन रहाटाला धरून रडून घेतलं. म्हटलं, उद्यापासून हिच्यावर धाकटीची घागर.

पंच अंगणात बसले. चुलतसासरे म्हणाले, "हं, बोल रं. कंचा उचलतूस?" धाकटे भाऊजी बायकोला विचारायला आत आले. आत आम्ही दोघी जावा. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गेटाकडचा."

"काय म्हणलीस?"

"गेटाकडचा म्हणलं. कानात बोळे घातलेत का?"

"आगं, पर हीर..."

"हीर राहू द्या आक्काला."

माझ्या देखत म्हणाली. ते 'राहू द्या' मला अजून लागतं. जसं काय पोट भरल्यावर ताट बाजूला सारावं.

भाऊजींनी बाहेर जाऊन सांगितलं. मग चुलतसासऱ्यांनी विचारलं, "आरं, तिथं काय पाटकऱ्याचं भूत राखायचंय का तुला? बायकोनं शिकवलं व्हय?" माणसं हसली. भाऊजीही खाली बघून हसले. पण शब्द गेला तो गेला. गुळाचा खडा तोंडात पडला, वाटणी झाली.

मला वाटलं होतं मी आनंदानं नाचेन. विहीर मिळाली की! त्या दिवशी मी पुरण घातलं. पहिला घास घेतला आणि मनात किडा वळवळला. तिनं गेट कावून उचललं?

त्या दिवसापासून त्या किड्यानं मला जेवू दिलं नाही. आधी वाटलं, हिला खबर लागली असणार. भाऊजी कारखान्याच्या हापिसात उठबस करायचे. कॅनल दुरुस्त होणार असेल, पाणी सुटणार असेल, आणि आपण बसलो विहिरीतल्या दोन घागरी मोजत. मी मालकांना वडवणीच्या बाजारात मुद्दाम चौकशीला पाठवलं. ते बैलाची वेसण घेऊन परत आले, आणि खबर एकच, पाणी नाही. मग वाटलं, काही पुरलेलं असेल. तेही शेजारणीपाशी बोलून बघितलं. ती म्हणाली, "सरकारनं खणलेल्या जागी सोनं राहतं व्हय? ते तर ठेकेदारानंच नेलं असंल." तेही पटलं.

मग मी स्वतःच बघायचं ठरवलं. सरपण गोळा करायच्या निमित्तानं दुपारची तिकडं गेले आणि बाभळीआडून पाहिलं.

धाकटी ओट्यावर बसली होती. चाकाला पाठ टेकलेली, पाय लांब सोडलेले, पदर खांद्यावर. ओच्यात भुईमुगाच्या शेंगा. एकेक शेंग फोडायची, दाणे तोंडात टाकायचे आणि टरफल कोरड्या चारीत भिरकवायचं. किती लांब जातं ते बघायचं. मग दुसरं. इतकी वर्षं एका चुलीवर राहिलो, पण ती अशी खाताना मी पाहिली नव्हती. घरात ती आमच्या मागून जेवायची, भिंतीकडं तोंड करून.

"काय करती गं?" मी पुढं झाले.

ती दचकली. पदर डोक्यावर, पाय पोटाशी, शेंगा ओच्यात झाकल्या.

"काय न्हाई आक्का. बसलेय."

"बसलीस? कामं सरली का?"

"कामं सरतेत व्हय कधी!"

मी मोळी उचलून परत आले. पण वाटेनं तोच एक शब्द डोक्यात. बसलेय. आमच्या घरात हे उत्तरच नव्हतं. निवडतेय म्हणायचं, शिवतेय म्हणायचं, पाय दुखतेत म्हणायचं, फारच झालं तर जप करतेय म्हणायचं. नुसतं बसलेय म्हणायची छाती कुणाची नव्हती, आणि ही रांड तोंडावर म्हणाली. माफ करा, शिवी आली. पण तेव्हा मनात हीच आली होती.

त्या साली पावसानं पुरतं तोंड फिरवलं. ज्यांच्या रानात ऊस होता तीच माणसं दुसऱ्याच्या रानातला ऊस तोडायला निघाली. दसरा झाल्यावर भाऊजी आणि धाकटी कोयता घेऊन टोळीबरोबर पश्चिमेच्या कारखान्याला गेली. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, कोंबड्या, वर धाकटी. आम्हाला विहीर होती म्हणून आम्ही थांबलो. मी वेशीपर्यंत पोचवायला गेले आणि म्हटलं, "बघ, हीर उचलली असतीस तर आज जावं लागलं नसतं." ती वरून म्हणाली, "हीर बी बघा आक्का, आन् माझं गेट बी." माझं गेट! तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

ती गेल्यावर मी पहिल्याच निवांत दुपारी गेटावर गेले. आता कुणी नव्हतं. ओटा मोकळा. मी चढले, चाकाला पाठ टेकली, पाय लांब केले, इकडंतिकडं बघून पदरही खाली घेतला. म्हटलं, आता बघू या काय आहे ते.

काही नव्हतं. कोरडी चारी होती. सोसायटीची पाटी वाऱ्यानं वाजत होती. माझ्या मनात आलं, डाळ भिजत घातलीय का? मग आलं, मालक घरी आले असतील. मग आलं, घरात माझी सून पाणी जास्त सांडत असेल. मी उठले, पुन्हा बसले. ओट्यावर काटक्या होत्या त्या वेचल्या. मग पदरानं ओटा झाडला. झाडून झाल्यावर कळलं की मी बसायला आले होते आणि झाडतेय. पुढचे कितीतरी दिवस मी हा खेळ केला. जायची, बसायची, उठायची. मला बसताच येईना बाई! चालता येतं, दळता येतं, डोक्यावर दोन घागरी घेऊन बांध उतरता येतो, पण नुसतं बसता येईना. ओटा तोच, चाक तेच. धाकटीला जे तिथं मिळत होतं ते मला मिळत नव्हतं. आधी मला तिच्या जागेचा हेवा होता, आता तिच्या बसण्याचाही वाटायला लागला. एकाचे दोन झाले.

आणि त्याच हिवाळ्यात आमच्या विहिरीनं तळ दाखवला. आधी दोन घागरी, मग एक, मग गाळ. टँकर सुरू झाला.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. धाकटी काळी पडली होती, हाताला उसाच्या पात्यानं चिरा पडल्या होत्या. चार दिवस गेले नाहीत तोच तिनं गव्हाचा चीक शिजवून गेटाच्या ओट्यावर कुरडया घातल्या. स्वच्छ सिमेंट, दिवसभर ऊन, वर शेळी चढत नाही. गावातल्या बायांना हे दिसायचीच खोटी. बघता बघता बचत गटाच्या बाया तिथं जायला लागल्या. सकाळी कुरडया, पापड, दुपारी वाळवण राखायच्या नावाखाली गप्पा. त्यांचं हसणं चढावरून आमच्या घरापर्यंत यायचं. शब्द कळायचे नाहीत, हसणं तेवढं कळायचं. त्याच्यासारखं वाईट दुसरं काही नसतं. मी आपली अंगणात बाजेवर लुगडं टाकून एकटी कुरडया घालायची आणि कावळे हाकायची. बाया म्हणायच्या, "आक्का, तुमी बी या की." मी म्हणायची, "मला कुठं सवड?" सवड ढीगभर होती. विहीर आटलेली, जनावरं छावणीत, मालक त्यांच्यामागं.

एक दिवस राहवलं नाही. सोऱ्या मागायचं निमित्त करून गेले. बाया परतल्या होत्या, धाकटी एकटीच वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती.

मी सरळच विचारलं, "खरं सांग सिरसाळकरणी. हा वाटा कावून उचललास?"

ती हसली. "सोनं पुरलंय आक्का. आत्याबाईची पुतळ्याची माळ."

"ती माळ माझ्या गळ्यात हाय."

"मंग पाणी येणार हाय. चेअरमननं माझ्या कानात सांगितलं."

"चेअरमन तुझ्या कानापाशी कशाला मरायला येतूय? नीट सांग."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "आक्का, हितून घर दिसतं का?"

मी वळून पाहिलं. मधी चढ, बाभळी. "न्हाई."

"आन् घरातून हे?"

"न्हाई."

"झालं तर."

मला काही उमगेना. "झालं तर काय?"

"हिरीवर गेले की तुमी वसरीत बसलेल्या," ती म्हणाली. "घागर भरली का अर्धी, कुणासंगं बोलले, किती येळ थांबले, पदर कुठं गेलता. मी न बघता सांगायची, आता आक्कानं मान वळवली, आता खाकरल्या. म्हणलं, साऱ्या जिंदगीभर पाणी शेंदायचं आन् पाठीवर डोळे घ्यायचे? त्यापरीस कोरडं बरं."

रागानं नाही बोलली. बाजारात वांगी काय भावानं आहेत ते सांगावं तसं बोलली.

मी म्हटलं, "हिरीला कठडा नव्हता. तू नवी पोर. पाय घसरला असता म्हंजे? म्हणून बघायची."

"ते बी खरंय," ती म्हणाली. "पर कठडाच बांधला असता तर तुमच्या डोळ्यांना आराम मिळाला असता."

सोऱ्या न घेताच घरी आले आणि वसरीत जाऊन बसले. त्या बाजेवर आधी आत्याबाई बसायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचे डोळे माझ्या पाठीवर. शेण काढताना, भाकरी थापताना, विहिरीवर तर हमेशा. त्या गेल्यावर बाया म्हणाल्या, आता तू घरची मालकीण. मी वसरीतली त्यांची बाज झटकली आणि तिच्यावर बसले. बाज रिकामी पडली तर कुणीतरी बसायलाच पाहिजे, एवढंच तेव्हा वाटलं. धाकटीचं बोलणं मला लागलं नाही असं नाही. पण त्याहून जास्त दुसरंच लागलं. वाटे पाडणारा माझा नवरा होता. त्यानं मला तोंडानं विचारलं होतं, तुला काय पाहिजे. आणि मी पाणी मागितलं. कुणाची नजर पोचणार नाही अशी हातभर जागा मागता येते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अशा चीजेला नाव असतं, ती वाटणीत घालता येते, हेच मला मालूम नव्हतं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या पोरीला होतं. गेट गेलं त्याचं एवढं नाही. काय मागायचं ते तिला कळलं, या गोष्टीनं मी जळले, आणि अजून जळते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. म्हटलं, "बदलून घे. हीर घे, वर हिरीवरचा आंबा घे. पाऊस पडला की हीर भरंल, तुझ्या रानाचं सोनं व्हईल."

"न्हाई आक्का."

"आगं, इचार तर कर."

"केला."

"मालकासंगं बोल."

"त्यांचं काय हाय त्यात? ते तर हीरच मागत होते." मग म्हणाली, "तुमी बसायला येत जा की. कवाबी या. फकस्त बांधावरून हाक मारत जा. म्हंजे मला कळंल."

माझा नुसता संताप झाला. सासऱ्याच्या रानात मी हाक मारून शिरायचं? ज्या गेटाची ओटी मी भरली तिथं? मी तिला म्हटलं, "मी पाव्हणी हाय का?" ती म्हणाली, "पाव्हणे हाक मारत न्हाईत आक्का, थेट घुसतेत. घरची माणसं हाक मारतेत." असं बोलते ती. उत्तर तयार.

मी बोलणं टाकलं. बचत गटाच्या बैठकीला गेटावर बोलावलं तरी गेले नाही. हळदीकुंकवाला समोर आली तर कुंकू लावून पुढं सरकले. नंतरच्या साली पाऊस बरा झाला. कॅनलला पाणी आलं नाही, ते आता येतही नाही, पण आमची विहीर पायरीपर्यंत भरली. मालक म्हणाले, "बघ, तुझी हीर!" मी वसरीत बसून भरलेली विहीर बघायची. सुना पाणी भरायच्या, मान खाली घालून, भराभरा. आणि माझं लक्ष चढाकडं, बाभळींकडं, जिथून काही दिसत नाही तिकडं.

मग एका दुपारी उठले. कुणाला सांगितलं नाही. सरपणाचं निमित्त नाही, सोऱ्याचं नाही. हात रिकामे. बाभळींपर्यंत गेले आणि बांधावर पाय थबकले. आजवर मी नुसती पुढं व्हायची. त्या दिवशी घसा खाकरायला गेले, मग खाकरणं गिळलं आणि हाक मारली, "सिरसाळकरणी! मी आलेय गं. येऊ का?"

माझाच आवाज मला ओळखू येईना. उभ्या जन्मात कुणाला 'येऊ का' म्हणून विचारलेलं नव्हतं.

 पलीकडून तिचा आवाज आला, सावकाश, आळसावलेला.

"थांबा जरा, आक्का."

काय करत होती देव जाणे. बहुतेक काहीच करत नसावी. मला आयुष्यभर हाका आल्या. आत्याबाईंच्या, मालकांच्या, पोरांच्या, पंचांच्या चहाच्या. हाक पुरी व्हायच्या आधी माझा पाय उचललेला असायचा. 'थांबा जरा' असं मी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही, पोटच्या लेकरालाही नाही. आणि ही सिरसाळ्याची पोर पाय पसरून मला सांगते, थांबा.

मी थांबले. डोक्यावर ऊन होतं, आत जळत होतं, पण बांध ओलांडला नाही. ती या म्हणेपर्यंत थांबले.